तीन आठवड्यांची मुदत

दक्षिण कझाकस्तानात, वाळवंटाच्या कडेला वसलेल्या कोक-तेरेक नावाच्या एका लहानशा वस्तीत, १९५३ सालच्या डिसेंबर महिन्यात पस्तीस वर्षांचा एक हद्दपार शाळामास्तर अतिसूक्ष्म अक्षरात लिहिलेल्या कागदांच्या घट्ट सुरळ्या करून त्या शॅम्पेनच्या एका रिकाम्या बाटलीत भरीत होता. ती बाटली आपल्या परसात पुरून तो ताश्कंदच्या इस्पितळाकडे रवाना होणार होता. आणि त्याच्याप्रमाणेच हद्दपारी भोगणाऱ्या डॉक्टर स्नेह्यांनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितले होते, की आता आयुष्य उरले आहे ते फार तर तीन आठवड्यांचे. त्या मास्तराचे नाव अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन. तीन आठवड्यांची मुदत घेऊन निघालेला हा रुग्ण पुढे चोपन्न वर्षांहून अधिक काळ जगला आणि बाटलीत कोंबलेल्या त्या कागदांपासून सुरू झालेले त्याचे लेखन सोव्हिएत राज्याच्या कीर्तीचा पाया खचविण्यास कारण झाले.

हा वृत्तांत त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. ओक वृक्षाला धडका देणाऱ्या वासराच्या रशियन म्हणीवरून नाव घेतलेले त्यांचे साहित्यिक आत्मवृत्त १९७५ साली पॅरिसमध्ये छापले गेले. मायदेश सुटल्यानंतरच्या वीस वर्षांची हकीकत त्यांनी निराळ्या ग्रंथात लिहिली आणि तिला जात्याच्या दोन दगडांमध्ये सापडलेल्या दाण्याचे नाव दिले. दुर्धर व्याधी, ईश्वरनिष्ठा आणि देशांतर या तीन गोष्टी त्यांच्या चरित्रात इतक्या एकजीव झालेल्या आहेत, की एकीचा विचार दुसरीवाचून करताच येत नाही. राजकीय बंडखोर म्हणून त्यांचे नाव जगभर गाजले. परंतु माझ्या मते त्या बंडखोराच्या निर्भयतेचे मूळ राजकारणात नसून ताश्कंदच्या त्या इस्पितळात आहे, आणि त्यांचे आत्मवृत्त वाचावयाचे ते या दृष्टीने.

सोल्झेनित्सिन यांचा जन्म ११ डिसेंबर १९१८ रोजी कॉकेशसच्या पायथ्याशी असलेल्या किस्लोवोद्स्क येथे झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच काही महिने वडील शिकारीतील अपघातात मरण पावले होते. आईने रोस्तोव शहरात टंकलेखन करून मुलाला वाढविले. घरात सनातनी रशियन ख्रिस्तसंप्रदायाचे वातावरण होते, देवघरात प्रतिमा होत्या, आणि मुलाच्या गळ्यात क्रूस होता. तो क्रूस शाळेतील सोबत्यांनी एके दिवशी ओढून तोडला. क्रांतीनंतर जन्मलेल्या त्या पिढीत असे प्रसंग घरोघरी घडत होते आणि त्यांचा परिणामही बहुधा एकच होई: यौवनात पदार्पण करीपर्यंत हा मुलगा निष्ठावंत मार्क्सवादी बनलेला होता. गणित आणि पदार्थविज्ञान यांची पदवी, त्यामागोमाग महायुद्ध, तोफखान्यात कप्तानाचा हुद्दा, शौर्याबद्दल पदके; आणि मग ९ फेब्रुवारी १९४५ रोजी, जर्मनीच्या हद्दीत लढाई चालू असतानाच, अटक. मित्राला लिहिलेल्या पत्रांत स्टालिनवर टीका केल्याचा आरोप होता. न्यायासनापुढे उभे न करता एका विशेष मंडळाने कागदोपत्रीच आठ वर्षांची सजा फर्मावली.

व्याधीची पहिली चाहूल लागली ती कझाकस्तानातील एकिबास्तूझच्या छावणीत. जांघेत एक गाठ वाढू लागली होती. तिच्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले, तेव्हा १९५२ सालच्या फेब्रुवारीत छावणीच्या इस्पितळात, जिथे शल्यचिकित्सकही कैदीच होते, तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचे जे वर्णन सोव्हिएत छावण्यांवरील त्यांच्या ‘गुलाग द्वीपसमूह’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात आहे, ते त्यांच्या समग्र लेखनाचे मर्मस्थान होय असे मी मानतो. रुग्ण तापाने फणफणलेला आहे, खोलीत अंधार आहे, दुसरे कोणी नाही. आणि त्याच्या खाटेशी बोरिस कोर्नफेल्ड नावाचे, यहुदी कुळात जन्मून ख्रिस्ताचा स्वीकार केलेले एक कैदी डॉक्टर आपल्या धर्मांतराची कथा हळुवार स्वरात सांगत बसले आहेत. कथेच्या शेवटी ते आपली एक श्रद्धा बोलून दाखवतात: या जन्मी आपल्या वाट्याला येणारी कोणतीही शिक्षा सर्वथा अकारण नसते, जो आरोप ठेवला गेला त्याच्याशी तिचा संबंध नसेलही, परंतु आयुष्याची कसून झडती घेतली तर ज्या पापासाठी ती मिळाली ते पाप सापडतेच. एवढे बोलून कोर्नफेल्ड निघून गेले. त्याच रात्री झोपेत असताना कुणी तरी त्यांच्या डोक्यावर घाव घातले. पहाटे मार्गिकेतून धावपळ ऐकू आली, आणि रुग्णाला कळले की आपण ऐकले ते या मनुष्याचे पृथ्वीवरील अखेरचे शब्द होते.

अन्य एखादा भाविक लेखक या ठिकाणी त्या वचनापुढे मान लववून पुढे गेला असता. सोल्झेनित्सिन थांबतात. ते विचारतात, की हे जर सार्वत्रिक सत्य असेल, तर ज्यांना कैदेपेक्षा भयंकर मरण आले, ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या, जाळले गेले, ते सर्व महापापी होते काय? आणि छळ करणारे अधिकारी सुखासमाधानात का नांदतात? यावर त्यांना जे उत्तर सुचते ते असे, की ऐहिक अस्तित्वाचा हेतू भरभराट हा नसून आत्म्याची वाढ हा आहे, आणि या मापाने मोजले असता छळ करणाऱ्यांनाच सर्वांत घोर शिक्षा झालेली आहे, कारण ते मनुष्यत्वापासून ढळत आहेत. याच प्रकरणात, सत् आणि असत् यांमधील सीमारेषा राज्या-राज्यांतून किंवा वर्गा-वर्गांतून जात नसून प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणातून जाते, हा त्यांचा प्रसिद्ध विचार आलेला आहे. तुरुंगाने आपल्याला हे शिकविले म्हणून ते तुरुंगाला दुवा देतात. परंतु प्रकरणाच्या अगदी शेवटी, कंसात, थडग्यांमधून आलेला एक आवाज ते ऐकवतात: जिवंत बाहेर पडलेल्याला असे म्हणणे सोपे आहे.

व्याधीतून किंवा संकटातून वाचलेल्या माणसांनी लिहिलेल्या पुष्कळ आठवणी मी वाचल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकींत एक दोष आढळतो, तो असा की लेखकाला स्वतःचे वाचणे हे आपल्या श्रद्धेचे प्रमाणपत्र वाटू लागते. ज्याची प्रार्थना तितकीच आर्त होती आणि जो तरीही गेला, त्याच्यासाठी अशा पुस्तकांत जागा नसते. सोल्झेनित्सिन यांनी मृतांना बोलू दिले, ही गोष्ट त्यांच्या श्रद्धेला कमीपणा आणीत नाही. उलट तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तो यामुळेच.

या श्रद्धेला छावणीत एक विलक्षण साधन लाभले होते. लिहिलेला कागद सापडणे म्हणजे नवी सजा. तेव्हा सोल्झेनित्सिन आपले काव्य मनातच रचीत आणि पाठ करीत. लिथुआनियातील कॅथलिक कैदी पाव भिजवून त्याचे मणी वळीत आणि जपमाळा करीत. त्यांच्याकडून त्यांनी शंभर मण्यांची एक माळ करवून घेतली आणि एकेक मण्यावर एकेक ओळ मोजीत ते चालू लागले. रांगेत, झडतीच्या वेळी, कामावर जाताना ती माळ हातात फिरत असे आणि पाहणाऱ्यांना ती भक्ती वाटे. सजेच्या अखेरीस त्यांच्या स्मरणात सुमारे १२,००० ओळी होत्या आणि त्यांची उजळणी करण्यात प्रत्येक महिन्यातील कित्येक दिवस जात. कोक-तेरेकच्या मातीत पुरलेल्या बाटलीत जे कागद होते, त्यांचा उगम या माळेत होता.

सजा संपली तरी सुटका झाली नाही. १९५३ सालच्या मार्च महिन्यात कोक-तेरेकला आणून त्यांना कायमच्या हद्दपारीच्या हुकुमावर सही करावयास लावण्यात आले; परवान्याशिवाय हद्द ओलांडली तर वीस वर्षांची सक्तमजुरी. पहाऱ्याशिवायची पहिली रात्र त्यांनी उघड्या आकाशाखाली जागून काढली, आणि पुढच्या एकदोन दिवसांतच स्टालिनच्या मृत्यूची वार्ता आली. मास्तरकी मिळाली, मुले गणितात रमू लागली, रात्री लिहिणे सुरू झाले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोटातील वेदनांनी झोप आणि अन्न दोन्ही हिरावून घेतले. छावणीत काढलेल्या गाठीचा रोग पोटात पसरला होता.

हा रोग म्हणजे अंडकोशातील बीजपेशींपासून उद्भवणारा, वैद्यकात ‘सेमिनोमा’ या नावाने ओळखला जाणारा कर्करोग. त्याचे एक वैशिष्ट्य सामान्य वाचकाने ध्यानात घ्यावे. क्ष-किरणांचा मारा केला असता पेशीकेंद्रातील जनुकद्रव्याचे धागे तुटतात; पुष्कळशा अर्बुदांतील पेशी ते धागे पुन्हा सांधून घेतात आणि तग धरतात, परंतु सेमिनोमाच्या पेशी या बाबतीत दुर्बल असतात आणि किरणांपुढे त्यांचा झपाट्याने नाश होतो. आज किरणोपचार आणि औषधोपचार यांच्या बळावर, रोग शरीरात पसरलेला असतानाही, या व्याधीचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. ताश्कंदच्या इस्पितळात १९५४ सालच्या जानेवारीपासून काही आठवडे हाच उपाय झाला: पोटावर मोठ्या प्रमाणात क्ष-किरण, त्यापायी उलट्या, अन्नावरची वासना उडणे, कमालीचा अशक्तपणा, आणि गाठ वितळू लागली. मार्चमध्ये ते चालत बाहेर पडले. उन्हाळ्यात उपचारांचा आणखी एक क्रम झाला आणि रोग हटला तो पुन्हा कधीच उलटला नाही.

सोल्झेनित्सिन यांनी याला ईश्वरी चमत्कार म्हटले. वैद्यकाच्या दृष्टीने त्याचा उलगडा वर दिलाच आहे. मला या दोन विधानांत विरोध दिसत नाही, आणि त्यांनाही दिसला नसावा, कारण ताश्कंदच्या डॉक्टरांविषयी, विशेषतः किरणांच्या खोलीत दिवसेंदिवस स्वतःचा देह झिजविणाऱ्या तेथील स्त्री-डॉक्टरांविषयी, त्यांनी जी कृतज्ञता ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीत ओतली आहे, तिच्या तोडीची कृतज्ञता आधुनिक वाङ्मयात मला क्वचितच भेटली. या कादंबरीतील किरणोपचारतज्ज्ञ दोन्त्सोव्हा यांना शेवटी कर्करोगानेच ग्रासलेले आपण पाहतो. कादंबरीचा नायक कोस्तोग्लोतोव्ह हा लेखकाप्रमाणेच छावणीतून आलेला हद्दपार आहे आणि त्याच्याच वॉर्डात रुसानोव्ह नावाचा, चुगल्या करून अनेकांना तुरुंगात धाडलेला अधिकारी आहे; एकाच्या मानेवर गाठ, दुसऱ्याच्या पोटात, आणि दोघांची खाट, अन्न व भय मात्र सारखेच. नायकाजवळ इस्सिक-कूल सरोवराकडून आणलेल्या एका मुळीचा अर्क असतो. ती मुळी आपल्याकडील बचनागाच्या कुळातील आहे, आणि डॉक्टरीण व्हेरा ते विष त्याला ओतून टाकावयास लावते. स्वतः सोल्झेनित्सिन यांनीही इस्पितळात दाखल होण्यापूर्वी अशी मुळी मिळविली होती. मरणाच्या दारात उभा असलेला मनुष्य वैद्य, मुळी आणि प्रार्थना या तिन्हींकडे एकाच वेळी हात पसरतो, हे त्यांनी जराही लपविले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आत्मवृत्तात या आजाराला दिलेली पाने थोडीच आहेत, पण त्यांत एक निर्णय नोंदलेला आहे, ज्याने पुढील सर्व आयुष्याला दिशा दिली. त्यांचे म्हणणे असे, की जे आयुष्य आपल्याला परत मिळाले ते संपूर्णार्थाने आपले राहिलेले नाही; ते एका हेतूसाठी दिले गेलेले आहे. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली ठेव जशी सांभाळावी लागते, तिचा हिशेब जसा द्यावा लागतो, तसे ते पुढे जगले. छावण्यांतून जे परतले नाहीत त्यांच्या वतीने साक्ष देणे हे त्या ठेवीचे व्याज होते. १९५६ साली हद्दपारी उठली. रियाझान येथे पुन्हा मास्तरकी, पुन्हा गुप्त लेखन. १९६२ साली ‘नोवी मीर’ मासिकात ‘इव्हान देनिसोविचच्या जीवनातील एक दिवस’ छापून आले आणि एका रात्रीत जगाला त्यांचे नाव ठाऊक झाले. १९७० साली नोबेल पारितोषिक. २२७ साक्षीदारांच्या जबान्यांवर उभारलेला ‘गुलाग द्वीपसमूह’ हा ग्रंथ मात्र ते दडवून ठेवीत राहिले, तो १९७३ च्या ऑगस्टपर्यंत, जेव्हा हस्तलिखित टंकित करून देणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला गुप्त पोलिसांनी पाच दिवस चौकशीत घेतले, दडविलेली प्रत मिळविली, आणि त्यानंतर ती स्त्री गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली. मग त्यांनी पॅरिसला संदेश धाडला: छापा.

याच ठेवीच्या भावनेतून त्यांची निर्भयता आली, आणि माझ्या मते त्यांचा कठोरपणाही तिच्यातूनच आला. आपले आयुष्य एका कार्यासाठी राखून ठेवलेले आहे असे ज्याला निःसंशय वाटते, तो सत्तेपुढे वाकत नाही. पण तो मित्रांनाही सहजासहजी क्षमा करीत नाही. ज्यांनी त्यांना प्रकाशात आणले, ज्यांनी स्वतःला धोक्यात घालून त्यांचे कागद सांभाळले, त्यांच्यापैकी काहींविषयीचे त्यांचे शेरे वाचताना मन खट्टू होते. इस्पितळातल्या त्या रात्रीची नम्रता सर्व पानांवर टिकलेली नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही कबूल करावयास हवे.

१२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांना घरून पकडून नेले. देशद्रोहाचा आरोप वाचून दाखविला, नागरिकत्व रद्द केल्याचा हुकूम ऐकविला आणि दुसऱ्या दिवशी, कोठे नेत आहेत हे न सांगता, विमानात बसविले. विमान उतरले ते फ्रँकफुर्ट येथे. पहिला आसरा दिला तो जर्मन कादंबरीकार हाइनरिख ब्योल यांनी. पत्नी आणि मुले सहा आठवड्यांनी येऊन मिळाली. १९७० ते १९७३ या काळात जन्मलेले तिन्ही पुत्र, ज्यांच्या जन्माची आशा ताश्कंदच्या उपचारांनंतर कोणी धरली नसती, परक्या भूमीत वाढले. ‘गुलाग’च्या जगभरच्या खपाचे सर्व मानधन त्यांनी कैद्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या निधीस देऊन टाकले, ठेवीचा हिशेब इथेही चुकला नाही.

झुरिकमधील दोन वर्षांनंतर, १९७६ साली, कुटुंब अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश या खेड्यात स्थायिक झाले. थंडी, बर्फ आणि भूर्जाची झाडे असलेला तो डोंगराळ मुलूख त्यांना रशियाची आठवण करून देई. जमिनीभोवती तारेचे कुंपण घातल्याने गावकरी नाराज झाले, तेव्हा ते गावसभेत जाऊन उभे राहिले, कुंपणाचे कारण सांगितले आणि लोकांची माफी मागितली. गावाने त्यांना असे काही आपले मानले, की गावातील दुकानदाराने सोल्झेनित्सिन यांच्या घराची वाट सांगितली जाणार नाही अशी पाटीच लावली. घरात एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. वडील सकाळपासून रात्रीपर्यंत रशियन क्रांतीवरील ‘लाल चक्र’ ही प्रचंड ग्रंथमाला लिहीत, मुलांना गणित शिकवीत, आणि अंगणातील एक मोठा खडक हा मंतरलेला घोडा असून एक दिवस तो आपणा सर्वांना रशियात उडवून नेईल असे त्यांना सांगत. पत्नीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. त्यांनी मात्र अठरा वर्षांच्या वास्तव्यात ते कधीच घेतले नाही.

पाश्चात्त्य जगाशी त्यांचे पटले नाही हे सर्वश्रुत आहे. १९७८ साली हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात त्यांनी पश्चिमेच्या भौतिक सुखासक्तीवर, कायद्यापलीकडे नीती न ओळखण्याच्या वृत्तीवर आणि धैर्याच्या ऱ्हासावर कोरडे ओढले, आणि ज्या वृत्तपत्रांनी चार वर्षांपूर्वी त्यांना डोक्यावर घेतले होते ती उलटली. त्या टीकेतील बराच भाग मला खरा वाटतो, परंतु ती करणारा मनुष्य अमेरिकेत राहूनही अमेरिकेपासून दूर होता हेही तितकेच खरे आहे. देशांतराच्या आठवणींचा ग्रंथ याच कारणाने पहिल्या आत्मवृत्ताच्या तोडीचा उतरलेला नाही. प्रकाशक, वकील, अनुवादक, खटले, वर्तमानपत्री वाद यांत त्याची बरीच पाने खर्ची पडली आहेत. पण मधूनच कॅव्हेंडिशच्या अरण्यातील एकांताचे, मुलांच्या शिक्षणाचे आणि प्रार्थनेचे प्रसंग येतात, आणि तेथे पुन्हा तोच आवाज ऐकू येतो. आपण जिवंतपणी रशियात परत जाणार असे ते ठामपणे सांगत, आणि सोव्हिएत राज्य अभेद्य वाटत होते त्या दिवसांत हे ऐकणाऱ्यांना तो भ्रम वाटे.

१९९० साली त्यांचे नागरिकत्व परत देण्यात आले. पुढच्या वर्षी देशद्रोहाचा आरोप मागे घेतला गेला. २७ मे १९९४ रोजी त्यांचे विमान रशियाच्या भूमीवर प्रथम टेकले ते मागादान येथे, छावण्यांच्या इतिहासातील सर्वांत भीषण प्रदेशात. तेथून व्लादिवोस्तोक आणि मग आगगाडीने, गावोगाव थांबून लोकांशी बोलत, मॉस्को. ३ ऑगस्ट २००८ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. मॉस्कोतील दोन्स्कोय मठात त्यांची समाधी आहे.

ज्यांच्या घरात आज असा आजार आहे, त्यांनी ही पुस्तके वाचावयाची ठरविल्यास माझी विनंती एवढीच, की सुरुवात आत्मवृत्तापासून करू नका. आधी ‘कॅन्सर वॉर्ड’ वाचा, नंतर ‘गुलाग’च्या चौथ्या भागातील पहिले प्रकरण शेवटच्या कंसासह वाचा, आणि मग वासराच्या त्या पुस्तकाला हात घाला.